बायपासआधी सिकलसेल तपासलं का?

बायपास झाला, आबांना आयसीयूतून वॉर्डात आणलं, चहा-बिस्किट सुरू झालं. आणि तिसऱ्या दिवशी मॉनिटरवरची रेघ एकदम वेडीवाकडी धावायला लागली. नाडी १३०-१४०, छातीत धडधड. जळगाव-धुळ्याहून नाशिकला किंवा नंदुरबारहून सुरतला पेशंट घेऊन गेलेल्या घरच्यांना वाटतं, ऑपरेशन फसलं. बहुतेक वेळा तसं नसतं. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते. बायपास झालेल्या साधारण चारातल्या एकाला हे होतं, तेही बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आत. औषधांनी बहुतेकांचे ठोके ताळ्यावर येतात. मग प्रश्न उरतो: वय तेच, सर्जन तोच, ब्लॉकेज तेवढेच, तरी शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला काहीच कसं झालं नाही?

वय, मधुमेह, बीपी, आधीची किडनीची अवस्था यांचा वाटा यात मोठा असतो. पण थोडा हिशेब जन्मापासूनच सोबत आलेला असतो. २००७ साली आइसलँडमधल्या संशोधकांना चौथ्या गुणसूत्राच्या एका भागात असे बदल सापडले, की ते असलेल्या माणसांत ही लय बिघडण्याचं प्रमाण जास्त होतं. २००९ मध्ये बायपास झालेल्या रुग्णांतही तोच संबंध दिसला. या भागाच्या शेजारी पिटएक्स-२ नावाचं जनुक आहे. गर्भात हृदयाची डावी बाजू डावीसारखीच घडावी, हे त्याचं काम. ठोका सुरू करणाऱ्या पेशी उजव्या आलिंदात, म्हणजे उजव्या वरच्या कप्प्यात, असतात. तशा पेशी डाव्या बाजूला तयार होऊ नयेत याची खबरदारी हे जनुक घेतं. ते कमी पडलं, तर डाव्या आलिंदात, फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी, भलत्याच ठिकाणाहून ठोके सुटू शकतात. ही खोड वर्षानुवर्षं दबून राहते आणि ऑपरेशननंतरच्या सुजेत उफाळून येते. आईच्या पोटात झालेली घडण साठाव्या वर्षी आयसीयूत दिसावी, हे मला फार विलक्षण वाटतं.

इतरही धागे हाती लागले आहेत. नवव्या गुणसूत्रावरच्या एका भागाचा संबंध हार्ट अटॅकशी आहे, तसाच बायपासच्या वेळी हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या इजेशीही आढळला. अल्झायमरचा धोका वाढवणारा एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार ज्यांच्यात आहे, त्यांचं क्रिएटिनिन (किडनीवर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) बायपासनंतर कमी वाढलं, असंही एका अभ्यासात दिसलं. मेंदूला जे नडतं ते किडनीला तारतं की काय, असं वाटायला लावणारी ही गोष्ट.

पण यातल्या एकेका बदलाचा परिणाम लहान आहे, आणि हे संशोधन बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालं आहे. ते आकडे जसेच्या तसे रावेरच्या किंवा शिरपूरच्या पेशंटला लावता येत नाहीत. त्यामुळे बायपासआधी ‘जीन टेस्ट’चं महागडं पॅकेज कुणी पुढे केलं, तर त्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सिकलसेल तपासलं का? सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमधला जन्मजात बदल. अक्कलकुवा, धडगावपासून सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजांत, हा बदल पुष्कळ आढळतो. आदिवासी नसलेल्या काही समाजांतही तो आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावं बदललेलं असतं. ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन आपसात चिकटतं आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. आई-वडील दोघांकडून हा बदल आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो, जन्मभर शेतात राबतो आणि त्याला पत्ताही नसतो.

बायपासमध्ये मात्र या पेशी वाकवणाऱ्या, नेमक्या नको त्याच गोष्टी एकत्र येतात. ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर शरीराचं तापमान अनेकदा काही अंशांनी उतरवतात, हृदय थांबवायला थंड द्रावण देतात, रक्तातली आम्लता वाढू शकते. पेशी वाकल्या तर बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि किडनी, फुफ्फुसं, मेंदू धोक्यात येतात. आधी कळलं असेल तर यावर उपाय आहेत. पेशंटला उबदार ठेवतात, ऑक्सिजन आणि आम्लतेवर सतत नजर ठेवतात, जमेल तिथे मशीन न लावता धडधडत्या हृदयावरच बायपास करतात. आजार पूर्ण असेल तर आधी रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिनचं प्रमाण खाली आणतात. वाहकांची ऑपरेशनं अशी काळजी घेतल्यावर बहुतेक सुखरूप पार पडतात.

पहिली चाचणी साधी आहे, सरकारी दवाखान्यात होते. त्यात ‘आहे’ आलं, तर वाहक की रुग्ण हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी लागते. मोठ्या शहरातल्या सर्जनसमोर असे पेशंट क्वचितच येत असतील, तर तो विचारेलच असं नाही. म्हणून घरच्यांनी स्वतःहून सांगावं: घरात कुणाला सिकलसेल आहे का, नातवाचं सिकलसेलचं कार्ड निघालंय का, लहानपणी कुणाचे सांधे वारंवार दुखायचे, कुणाला सारखी कावीळ व्हायची का. नातवाचं कार्ड असेल तर ते आजोबांच्या अँजिओग्राफीच्या फाइलमध्ये लावून न्यावं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाखवावं.