गिधाडांचा ऱ्हास (भारत)

1990 नंतरच्या दीड दशकात भारतातील गिधाडांची संख्या जवळजवळ नाहीशी होण्याइतकी घटली, त्या घटनेस ही संज्ञा वापरतात. जिप्स या प्रजातीतील (genus) तीन जातींना तिचा सर्वाधिक फटका बसला: पांढऱ्या पाठीचे गिधाड, लांब चोचीचे गिधाड आणि सडपातळ चोचीचे गिधाड. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत 99.9 टक्के, तर उरलेल्या दोन जातींत मिळून सुमारे 97 टक्के घट झाल्याचे रस्त्याकडेने केलेल्या गणनांतून दिसून आले. ही घट शिकारीमुळे झाली नाही, जंगलतोडीमुळेही मुख्यतः नाही. आजारी गुराच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिलेल्या औषधामुळे ती झाली. क्रौर्याच्या नेहमीच्या व्याख्येत न बसणारे हे मानवी उत्तरदायित्व असल्याने या प्रकरणाला वन्यजीवांच्या इतिहासात वेगळे स्थान आहे.

1980च्या दशकात भारतात गिधाडे सुमारे चार कोटी असावीत, असा अंदाज सांगितला जातो. पांढऱ्या पाठीचे गिधाड त्या वेळी जगातील सर्वांत विपुल मोठा शिकारी पक्षी मानले जाई. गावाबाहेर, ओढ्याकाठी वा गायरानात मेलेली जनावरे टाकण्याची जागा ठरलेली असे. कातडे सोलून नेले की उरलेल्या मढ्यावर गिधाडे उतरत आणि तासाभरात हाडांचा सापळा तेवढा शिल्लक राही. या पक्ष्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत. गावकुसाबाहेरच्या या व्यवस्थेला मात्र माणसांचीही एक बाजू होती. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम जातीने लादलेले होते. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, ते याच पार्श्वभूमीवर. गिधाडांच्या सुबत्तेच्या आठवणी सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते.

मराठीत गिधाडाला मान कधीच मिळाला नाही. कुणी लोभाने वाट पाहत असला की तो गिधाडासारखा टपून बसलेला असतो. दुसरीकडे रामायणातला जटायू मात्र पूज्य. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद येथे तो रावणाशी झुंजून पडला, अशी श्रद्धा आहे. एकाच पक्ष्याला शिवीही आणि देऊळही, असा हा प्रकार आहे.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1990च्या दशकाच्या मध्यानंतर गिधाडे झाडांवर माना टाकून बसलेली आणि मग खाली कोसळलेली दिसू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली. शवविच्छेदनात यकृत, मूत्रपिंड आणि इतर अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळे. तो युरिक आम्लाचा होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. सुरुवातीला संशय एखाद्या विषाणूवर होता आणि त्या तपासात मोलाची वर्षे गेली. उत्तर मिळाले ते पाकिस्तानच्या पंजाबातून. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डायक्लोफेनॅक हे कारण म्हणून सिद्ध केले.

डायक्लोफेनॅक हे वेदना आणि सूज कमी करणारे औषध आहे. माणसांत ते अनेक वर्षे वापरात होते. 1990च्या दशकात ते स्वस्तात मिळू लागले आणि जनावरांसाठीही सर्रास वापरले जाऊ लागले. बैल लंगडला, गाईची कास सुजली, म्हातारे जनावर उठेना, की एक इंजेक्शन टोचायचे. टोचल्यानंतर दोन-तीन दिवसांत जनावर दगावले तर त्याच्या मांसात, विशेषतः यकृत आणि मूत्रपिंडात, औषधाचा अंश उरतो. गाईला जे सहज पचते, ते गिधाडाला काही दिवसांत मारते. हिंदू घरात गाय कसायाकडे न देता मरेपर्यंत पोसायची आणि शेवटी तिला त्रास होऊ नये म्हणून औषध द्यायचे, ही दयाच होती. गिधाडापर्यंत विष पोचले ते याच वाटेने. यात कोणा एका शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. पण औषध बाजारात आणण्यापूर्वी ते कोणाकोणाच्या पोटात जाणार आहे हे कोणी तपासले नाही, आणि ती चूक मात्र माणसांचीच.

हे विष पसरायला फार मढी लागली नाहीत. गणिती प्रारूपांनुसार शंभरातील एकाहूनही कमी मढ्यांत घातक अंश असला तरी एवढी घट घडू शकत होती. प्रत्यक्षात 2004-05 मध्ये भारतात तपासलेल्या 1,848 जनावरांच्या नमुन्यांपैकी सुमारे 10 टक्क्यांत डायक्लोफेनॅक सापडले. एका मढ्यावर शेकडो पक्षी जमत असल्याने एक विषारी मढे पुरे होई. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू प्रजननक्षम व्हायला पाचेक वर्षे लागतात. इतका सावकाश वाढणारा जीव इतक्या वेगवान मरणाला तोंड देऊ शकत नाही.

गिधाडे गेल्यावर उरलेल्या मढ्यांवर भटकी कुत्री पोसली गेली. अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांच्या 2008 मधील अभ्यासाने 1992 ते 2006 या काळात कुत्र्यांची संख्या किमान 55 लाखांनी वाढल्याचा आणि त्यामुळे रेबीजचे सुमारे 47 हजार जादा मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, 2000 ते 2005 या काळात गिधाडे गमावलेल्या जिल्ह्यांत सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू झाल्याचे म्हटले आहे. दूषित पाणी आणि कुजलेली मढी हीही त्यांनी कारणे धरली आहेत. हे अंदाज आहेत, मोजणी नव्हे. तरी त्यांचा आकार पाहता गिधाडांना केवळ निसर्गप्रेमींचा विषय म्हणता येत नाही.

मुंबईतील पारशी समाजाच्या अंत्यविधीवरही याचा थेट परिणाम झाला. मलबार हिलवरील डुंगरवाडीच्या दख्म्यांत, म्हणजे उघड्या माथ्याच्या गोल बुरुजांत, मृतदेह गिधाडांसाठी ठेवले जात. गिधाडे येईनाशी झाल्यावर सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवावे लागले, आणि पावसाळ्यात तेही निरुपयोगी ठरतात.

कायद्याने या प्रकरणाला हात घातला तो औषधांच्या बाजूने. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा कायदा मारहाण, उपासमार, कोंडणे अशा थेट कृत्यांसाठी आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात 10 ते 50 रुपये दंड आहे, ही रक्कम आजच्या वडापावच्या हिशेबात मोजावी लागेल. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 शिकार आणि व्यापार रोखतो. आजारी गाईला टोचलेले इंजेक्शन यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून 2006 मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकच्या निर्मितीवर बंदी आली, तीही केंद्रीय औषध नियंत्रकांच्या आदेशाने. लगेच पळवाटही निघाली. माणसांसाठीच्या औषधाच्या 30 मिलिलिटरच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचू लागल्या. माणसाला एका वेळी एवढे औषध लागतच नाही, त्यामुळे त्या कुप्या कोणासाठी होत्या हे उघड होते. जुलै 2015 मध्ये कुपीचा आकार 3 मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला आणि 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली. जनावरांसाठी मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. कीटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या इतर वेदनाशामकांवर 2023 मध्ये आणि निमेसुलाइडवर 2024 च्या अखेरीस पशुवैद्यकीय वापरासाठी बंदी आली. प्रत्येक वेळी औषध आधी बाजारात आले, गिधाडांवरचा परिणाम नंतर कळला आणि बंदी त्याहून नंतर आली, हा क्रम अजून बदललेला नाही.

बंदीनंतर घट मंदावली, पण उभारी आलेली नाही. 2015 च्या सुमारास देशात पांढऱ्या पाठीची सुमारे 6,000, लांब चोचीची 12,000 आणि सडपातळ चोचीची 1,000 गिधाडे उरल्याचा अंदाज होता. हरियाणातील पिंजोर येथे 2001 मध्ये गिधाड केंद्र सुरू झाले. तेथे आणि पश्चिम बंगाल, आसाम व मध्य प्रदेशातील केंद्रांत बंदिस्त प्रजनन केले जाते. विजेच्या उघड्या तारा, घरट्यांच्या मोठ्या झाडांची तोड आणि कमी होत चाललेले अन्न या अडचणी आहेतच.

महाराष्ट्रात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, म्हसळा आणि श्रीवर्धनच्या परिसरात, नारळ आणि इतर उंच झाडांवर आढळतात. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करते. फणसाड अभयारण्यात, नाशिक जिल्ह्यातील हरसूल भागात आणि गडचिरोलीत ‘गिधाड उपाहारगृहे’ चालवली गेली. नाव ऐकून हसू येते, पण काम साधे असते: कुंपण घातलेल्या जागेत मृत जनावर ठेवायचे आणि पक्ष्यांना निर्धास्त खाऊ द्यायचे. जानेवारी 2024 मध्ये पिंजोरहून आणलेली पांढऱ्या पाठीची गिधाडे ताडोब्यातील बोटेझरी येथे आणि लांब चोचीची गिधाडे पेंच येथे ठेवण्यात आली आणि पुढे मोकळ्या आकाशात सोडण्यात आली. अंगावर बसवलेल्या जीपीएस यंत्राच्या नोंदींवरून पाहता त्यांतील एक थेट तामिळनाडूत जाऊन पोहोचले. उपाहारगृहासाठी आणलेले जनावर स्वीकारण्यापूर्वी मालकाला विचारावे लागते ते एवढेच, की मरण्याआधीच्या दिवसांत त्याला कोणते इंजेक्शन दिले होते.