लाव्हावर राहतो आपण, मग व्हिनेगरचा ज्वालामुखी कशाला?

मुलांसाठीचं पृथ्वीबद्दलचं कुठलंही ॲक्टिव्हिटी बुक उघडा, पहिल्या काही पानांतच ज्वालामुखी येणार म्हणजे येणार. मातीचा शंकू करा, मध्ये छोटी बाटली ठेवा, खायचा सोडा घाला, वरून लाल रंग टाकलेलं व्हिनेगर ओता, फस्सकन फेस येतो, पोरं ओरडतात, कुणीतरी मोठं माणूस फरशी पुसतं आणि झालं विज्ञान. माझा या प्रयोगावर जुना राग आहे. मजा येते, नाही असं नाही, पण त्यात जे घडतं ती आम्लाची आणि सोड्याची केमिस्ट्री आहे, आणि ज्वालामुखीचं जे चित्र डोक्यात बसतं ते पुण्याच्या पोराच्या तर काहीच कामाचं नाही. कारण आपल्या पायाखालचा काळा दगड, बेसाल्ट, तसल्या टोकदार डोंगराच्या तोंडातून उडालेलाच नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा येत राहिला आणि पसरत राहिला, एक थर थंड व्हायचा, मग कधीतरी त्यावर दुसरा. हे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आज त्यातला जो भाग शिल्लक आहे तोच ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आणि सिंहगडाचा माथा १३०० मीटरच्या थोडा वर, म्हणजे रविवारी सकाळी गडावर चढणारा माणूस लाव्हाच्या थरांचीच चढण चढत असतो, आणि वर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन खाली येतो.

मग त्या जागी कुठला प्रयोग करावा? सोड्याची बाटली. कोल्ड्रिंकची चालेल. झाकण घट्ट असताना बाटलीत एकही बुडबुडा दिसत नाही, झाकण सैल केलं की आतून बुडबुडे सुटतात. जमिनीखाली खोलवर वितळलेल्या खडकातही वायू असेच दाबाखाली विरघळलेले असतात, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू वगैरे, आणि तो रस वर यायला लागला की दाब कमी होतो आणि बुडबुडे सुटतात. एवढं दाखवून पोरांना सरळ टेकडीवर न्यायचं. वेताळ टेकडीवरची जुनी खाण यासाठी फार छान जागा आहे (पाणी साठलेलं असतं, कडेला जाऊ द्यायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा). तिथे किंवा कुठल्याही खणलेल्या कड्यावर बघा, काही पट्ट्यांत दगड भोकाभोकांचा असतो आणि काही पट्ट्यांत एकदम भरीव. भोकं म्हणजे ते बुडबुडे. लाव्हा गोठला आणि ते आतच अडकले. बुडबुडे वर चढतात म्हणून थराच्या वरच्या भागात भोकं जास्त आणि मधला भाग भरीव, हे एकदा समजलं की एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे पोरगं स्वतः बोट ठेवून दाखवू शकतं. मात्र उत्तर आधी सांगू नका. भोकं सगळीकडे सारखी का नाहीत एवढंच विचारा आणि गप्प बसा, जे मोठ्यांना सगळ्यात अवघड जातं.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे कधी कधी दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो. एक थर येऊन गेल्यावर दुसरा यायच्या आत जो काळ गेला त्यात खालच्याचा वरचा भाग झिजून माती झाली, आणि मग वरून गरम लाव्हा आला. म्हणजे तो पट्टा मधली सुट्टी आहे. गाडी घाटात थांबवून बघायला जाऊ नका फक्त, खिडकीतून दाखवला तरी पुरतो.

आता त्या भोकांत काय भरलंय ते बघायचं. बऱ्याच भोकांत पांढरं काहीतरी चमकत असतं, ज्याला आपण सरसकट गारगोटी म्हणून मोकळे होतो. लाव्हा गोठल्यावर नंतरच्या काळात त्यातून पाणी झिरपलं आणि पाण्यातल्या विरघळलेल्या गोष्टींचे स्फटिक पोकळ्यांमध्ये वाढले. ते काय असू शकतं हे शोधायला लॅब लागत नाही. काचेचा जुना तुकडा घ्या (हे मोठ्यांनी करायचं), स्फटिकाने काचेवर खरा ओरखडा उठला तर तो क्वार्ट्झ असायची शक्यता मोठी, कारण त्याची कठिणता ७ आणि काचेची साडेपाचच्या आसपास. ओरखडा नाही उठला तर त्याची थोडी पूड खरवडा आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. पूड फसफसली तर कॅल्साइट. (बघा, व्हिनेगर वाया नाही गेलं.) दोन्हीपैकी काहीच नाही झालं तर बहुतेक झिओलाइट नावाच्या खनिजांच्या गटातलं काहीतरी हातात आहे. १ ते १० ही कठिणतेची फूटपट्टी फ्रीडरिश मोह्स नावाच्या जर्मन माणसाने १८१२ च्या सुमारास बांधली, आणि आजही नख, तांब्याचं नाणं, काच आणि लोखंडी खिळा एवढ्या सामानावर ती घरात चालवता येते.

झिओलाइट हा विषय निघाला की मला थांबता येत नाही. त्याच्या आत इतक्या बारीक, एकसारख्या मापाच्या पोकळ्या असतात की काही रेणू आत अडकतात आणि काही निसटतात. २०२१ मध्ये घराघरात जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले ना, त्यांच्या पोटात कारखान्यात बनवलेला झिओलाइटच होता, हवेतला नायट्रोजन तो धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. आणि आपल्या वाघोलीच्या खडीच्या खाणींमधून कॅव्हन्साइट नावाचं झगझगीत निळं खनिज निघालंय, कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं, ते झिओलाइट नाही पण झिओलाइटच्याच शेजारी बसलेलं सापडतं, आणि जगभरचे खनिज गोळा करणारे लोक वाघोली हे नाव त्यामुळे ओळखतात. आपल्याला वाघोली म्हटलं की ट्रॅफिक आठवतो.

आता पुस्तकांबद्दल जरा. अप्पा बळवंत चौकात फिरलात तर मुलांची ॲक्टिव्हिटी बुकं ढिगाने मिळतात, इंग्रजी भरपूर, मराठी बरीच भाषांतरित. पृथ्वीबद्दलची यातली बरीचशी मूळची दुसऱ्या देशातल्या पोरांसाठी लिहिलेली असतात, त्यामुळे त्यात ‘घराजवळचा वाळूचा खडक शोधा’, ‘चुनखडीत जीवाश्म बघा’ असलं येतं. पुण्यातलं पोरगं शोधून शोधून थकतं आणि त्याला वाटतं आपल्याकडे काहीच नाही. आहे, पण वेगळं आहे. जीवाश्मांचं तर विचारूच नका, लाव्हात हाडं टिकत नाहीत, डायनोसॉरची अंडी बघायची तर गुजरातेत बालासिनोरला जावं लागेल. आणि ते प्लास्टरच्या विटेतून प्लास्टिकचा डायनोसॉर खोदून काढायचं किट मिळतं ना, त्यातून मूल फक्त घरभर पावडर करायला शिकतं असं माझं स्पष्ट मत आहे.

करून बघायची पुस्तकं ही काही नवी फॅशन नाही. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांमध्ये शाळांच्या प्रयोगशाळाच राहिल्या नव्हत्या, तिथल्या शिक्षकांसाठी युनेस्कोने एक छोटी पुस्तिका काढली, ती वाढत वाढत १९५६ मध्ये जाडजूड सोर्सबुक झाली, डबे आणि बाटल्या वापरून हवामानाची उपकरणं बनवा वगैरे. आपल्याकडे १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादला खेड्यातल्या शाळांमधून प्रयोग करत विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. त्या कार्यक्रमात काही काळ काम केलेले, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात आले, आणि त्यांच्या वेबसाइटवर मराठीसकट अनेक भाषांतली पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. विकत घ्यायच्या आधी तिथे एक चक्कर मारा. आणि दुकानात पुस्तक चाळताना मी एकच बघतो, त्यात पोराला स्वतः लिहायला, मोजायला, चित्र काढायला रिकामी जागा आहे का. सगळी उत्तरं छापलेली असतील तर ठेवून द्या परत.

परदेशी पुस्तकातला एक प्रयोग मात्र पुण्यात तिथल्यापेक्षाही झकास चालतो, तो म्हणजे चुंबकाचा. चुंबक कागदात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा (नाहीतर कण निघता निघत नाहीत) आणि ओढ्याच्या कोरड्या वाळूतून किंवा पावसानंतर रस्त्याकडेला साचलेल्या रेतीतून फिरवायचा, काळ्या बारीक कणांची मिशी फुटते त्याला. यातले बरेच कण मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाच्या जातीचे, बेसाल्ट झिजून सुटे झालेले. रस्त्याकडेच्या रेतीत गाड्यांचा लोखंडी चुराही असतो, म्हणून ओढ्याची वाळू बरी. इथपर्यंत पुस्तकात असतं. पुढचं नसतं, आणि खरी गंमत पुढेच आहे. लाव्हा बाहेर आला तेव्हा हजार अंशांच्या वर गरम होता, तेवढ्या तापमानाला हे कण चुंबकासारखे वागत नाहीत. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या क्षणाची दिशा पकडून बसतं आणि मग कोट्यवधी वर्षं सोडत नाही. आता पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तावर जमिनीला समांतर असतं आणि ध्रुवाकडे जावं तसं तिरपं होत जातं, त्यामुळे दगडात अडकलेल्या दिशेचा तिरपेपणा मोजला की तो दगड गोठला तेव्हा कुठल्या अक्षांशावर होता ते काढता येतं. १९५० च्या दशकात दख्खनच्या दगडांवर ही मोजमापं झाली आणि उत्तर आलं की हा लाव्हा गोठला तेव्हा आपण विषुववृत्ताच्या बरेच खाली होतो, दक्षिण गोलार्धात. खंड सरकतात की नाही यावर तेव्हा जोरदार भांडणं चालू होती, त्यात आपल्या काळ्या दगडाची साक्ष निघाली. चुंबकाला चिकटलेली ती काळी मिशी दाखवून हे सांगितलं तर सहावी-सातवीतलं पोरगं ऐकतं, खरंच ऐकतं.

मातीचं पण करा. डोंगर खोदलेला असतो तिथे मुरूम दिसतो, त्यात मधेच गोल गोल गोटे आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे. पाणी भेगांतून शिरतं, दगडाचे कोपरे आधी कुजतात, म्हणून मधला भाग गोल उरतो. तोच बेसाल्ट पूर्ण झिजला की काळी माती. ती ओली करून ताटलीत थापा, शेजारी नदीची वाळू तशीच थापा आणि उन्हात ठेवा. काळ्या मातीला भेगा पडतात, वाळूला नाही, कारण काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. काळ्या मातीवर नीट पाया न घेता बांधलेल्या घराच्या भिंतींना तडे का जातात याचं उत्तर त्या ताटलीत असतं. विटेचे तुकडे बरणीत पाणी घालून हलवत बसले तर कोपरे गोल होतात आणि पाणी लाल होतं, हा प्रयोग लहानांना फार आवडतो (शेजाऱ्यांना कमी). तो झाला की निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे दाखवायला न्या, तिथे पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरून फिरून अख्ख्या कातळात रांजण कोरले गेलेत.

पावसाळ्यात पर्जन्यमापक. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिक बाटली कापायची, वरचा भाग उलटा नरसाळं म्हणून बसवायचा, तळ वाकडातिकडा असतो म्हणून आत खडे घालून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. रोज ठरलेल्या वेळी वाचायचं, मिलिमीटरमध्ये, आणि वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. मग पेपरातल्या शिवाजीनगरच्या आकड्याशी ताडून बघायचं, तो आकडा हवामान खात्याच्या सिमला ऑफिसचा, १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून जुने पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. आकडे जुळत नाहीत. जुळणारही नाहीत, सिंहगड रोडला धो धो आणि विमाननगरला कोरडं हे आपण नेहमीच बघतो, आणि ताम्हिणीत तर आपल्या कित्येक पट पडतो. पण १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर एवढं कळलं की सोसायटीच्या गच्चीवर एका रात्रीत किती पाणी पडून गटारात गेलं ते पोरं स्वतः काढतात आणि मग मीटिंगमध्ये चेअरमनला विचारतात.

भूकंपाचं पान प्रत्येक पुस्तकात असतं, जगाचा नकाशा, पृथ्वीचं कवच ज्या मोठमोठ्या सरकत्या तुकड्यांचं बनलंय त्या प्लेटांच्या कडा आणि कडांवर लाल ठिपके. मग कोयना? ११ डिसेंबर १९६७, पहाटे, सहाच्या वरचा भूकंप, आणि जवळपास कुठेच प्लेटची कड नाही. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, तेही प्लेटच्या पोटात. कोयनेच्या बाबतीत धरणाचं पाणी भरायला लागल्यावर धक्के सुरू झाले आणि आधीच ताण साठलेल्या भेगांना त्या पाण्याने निमित्त दिलं असं शास्त्रज्ञ मानतात, तिथे पुढे ३ किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यासही झाला. यासाठी एक ॲक्टिव्हिटी आहे जी मला कुठल्या पुस्तकात दिसली नाही. पोरांना वही देऊन सोसायटीतल्या आजी-आजोबांकडे पाठवा. कोयनेच्या त्या पहाटे तुम्ही कुठल्या गावात होता, जाग आली का, मांडणीवरची भांडी वाजली का, पडली का, भिंतीला तडा गेला का, बाहेर पळालात का. उत्तरं गावाप्रमाणे महाराष्ट्राच्या नकाशावर रंगाने भरायची, नुसती जाग आली तिथे पिवळा, भांडी पडली तिथे केशरी, भिंती गेल्या तिथे लाल. भूकंपाची तीव्रता ठरवायची खरी पद्धत अशीच असते, रिश्टरचा आकडा सगळीकडे एकच, पण हादरा प्रत्येक गावात वेगळा, आणि तो लोकांना विचारूनच कळतो. एखादं लांबचं गाव मध्येच लाल निघालं तर आधी आजोबांना परत विचारायचं, आणि ते ठाम असतील तर तिथली जमीन कशी आहे ते शोधायचं, नदीकाठची मऊ माती जास्त हलते. १९६७ आठवणारी माणसं आता साठीच्या पुढचीच असणार, त्यामुळे हे दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका.