२० हंगामांची मात्रा

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी ४ संधी मिळतात, आणि ही आगेकूच रोखण्यासाठी समोर बचाव करणारे ११ खेळाडू उभे असतात. त्यांतले धिप्पाड लाइनमन अगदी पुढच्या रांगेत प्रतिस्पर्ध्याला भिडलेले असतात, सर्वांत मागे लांबचे पास अडवणारे चपळ खेळाडू असतात, आणि या दोन फळ्यांच्या मध्ये लाइनबॅकर असतो. चेंडू घेऊन कोणी घुसला तर त्याला पाडायचे, पास जाणार असेल तर मागे धावायचे आणि संधी दिसताच थेट क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, झेप घ्यायची, अशी तिन्ही कामे त्याच्याकडे असतात. प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडणे आपल्याला कबड्डीमुळे परके नाही. मात्र कबड्डीतली पकड काही पावलांच्या अंतरावरून होते, तर इथे शंभर किलोंहून अधिक वजनाचे दोन खेळाडू पुष्कळदा पूर्ण वेगात एकमेकांवर येऊन आदळतात. लाइनबॅकरच्या कारकिर्दीचा विचार त्यामुळे त्याच्या कौशल्यापाशी संपत नाही. त्याच्या शरीराने किती वर्षे आणि किती आघात सोसले, हेही मोजावे लागते.

ज्युनियर सेआउ यांची कारकीर्द या दृष्टीने विलक्षण बोलकी आहे. १९६९ साली सॅन डिएगोमध्ये अमेरिकन सामोआतून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि जवळच्या ओशनसाइड गावात ते वाढले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळल्यानंतर १९९० च्या खेळाडू-निवडीत सॅन डिएगो चार्जर्सने त्यांना पाचव्या क्रमांकावर घेतले. पुढची १३ वर्षे ते त्याच संघात राहिले, नंतर ३ वर्षे मायामी डॉल्फिन्सकडून आणि अखेरचे ४ हंगाम न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून खेळले. प्रो बोल या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी सलग १२ वेळा त्यांची निवड झाली. बरेच व्यावसायिक खेळाडू चार-पाच हंगामांतच बाहेर पडतात अशा एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये त्यांनी २० हंगाम आणि २६८ सामने काढले. जानेवारी १९९५ मध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या निर्णायक सामन्यात मानेतली नस दबलेली असतानाही ते खेळले, त्यांनी १६ टॅकल केले, म्हणजे १६ वेळा प्रतिस्पर्ध्याला पाडले, आणि चार्जर्स पहिल्यांदाच सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोहोचले. ऑगस्ट २००६ मध्ये त्यांनी वाजतगाजत निवृत्ती जाहीर केली आणि चारच दिवसांनी ते पेट्रियट्समध्ये दाखल झाले. चाहत्यांना हे सगळे अतिशय आवडे. दुखणे अंगावर काढून मैदानात उतरणारा खेळाडू तिथेही वीरच ठरतो.

आता एका टॅकलचा हिशेब करून पाहू. सेआउ यांचे वजन सुमारे ११३ किलो होते. असा खेळाडू सेकंदाला ७ मीटर या वेगाने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे २,७७० ज्यूल आणि संवेग सुमारे ७९० न्यूटन-सेकंद भरतो. समोरच्यावर आदळून तो ०.१५ सेकंदात थांबला, तर त्याच्या शरीरावर सरासरी ५,००० न्यूटनहून अधिक, म्हणजे त्याच्याच वजनाच्या जवळपास पाचपट बल पडते. खांदे, छाती आणि पाय हे बल वाटून घेतात, म्हणून सरावलेले शरीर ते सोसू शकते. डोक्याचे गणित वेगळे आहे. डोके थेट आपटले तर त्याचा वेग सेकंदाच्या फार लहान अंशात बदलतो. समजा सेकंदाला ७ मीटरचा बदल १२ सहस्रांश सेकंदात झाला, तर सरासरी त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ६० पट होते. हेल्मेटमध्ये त्वरणमापक बसवून अमेरिकी विद्यापीठांच्या संघांवर वर्षानुवर्षे झालेल्या मोजणीत आढळले, की नेहमीचे बहुतेक आघात २०-३० पटींच्या आसपास असतात आणि कन्कशन (माराने मेंदूचे काम तात्पुरते बिघडणे) घडवणारे आघात बहुधा १०० पटींच्या घरात जातात. नेहमीचे आघात सौम्य असले तरी त्यांची संख्या मोठी असते: एका हंगामात एका खेळाडूच्या डोक्याला असे शेकडो आघात होतात आणि काही जागांवर खेळणाऱ्यांच्या बाबतीत ही संख्या हजाराच्याही पुढे जाते.

मग हेल्मेट कशासाठी? हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आणि ते काम ते चोख करते. कवटीच्या आत द्रवात तरंगणाऱ्या मेंदूची हालचाल मात्र त्याला थांबवता येत नाही. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबोर्न यांनी १९४३ साली जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून दाखवले, की मेंदूच्या दुखापतीत सरळ धक्क्यापेक्षा डोक्याला मिळणारा अचानक पीळ अधिक घातक असतो. मेंदूची ऊती पाण्यासारखी आहे; तिला चहूबाजूंनी दाबले तर तिचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, परंतु तिचे थर एकमेकांवरून घसरवणारा कातरताण तिला सहज विकृत करतो. डोके झटक्यात फिरले की कवटी आधी फिरते आणि मेंदू किंचित मागे राहतो, त्यामुळे आतल्या ऊतीला पीळ बसतो. हा ताण सगळीकडे सारखा नसतो. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या घड्या जिथे खोल आत वळतात, त्या खाचांच्या तळाशी आणि लहान रक्तवाहिन्यांच्या भोवती तो एकवटतो, असे संगणकी प्रतिकृती सांगतात. हे ठिकाण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चेतापेशीपासून निघणाऱ्या लांब अक्षतंतूच्या आत सूक्ष्मनलिकांचे जाळे असते. पेशीला लागणारा माल त्यांच्यावरून इकडून तिकडे जातो आणि या नलिका स्थिर ठेवण्यात टाऊ नावाचे प्रथिन मदत करते. अक्षतंतू हळूहळू ताणला तर तो बराच लांबू शकतो, पण क्षणार्धात ताणला गेला की नलिका तुटतात. टाऊच्या रेणूंना फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चिकटले की ते नलिकांपासून सुटतात आणि त्यांच्या गुठळ्या होऊ लागतात. काही चेतापेशींमध्ये या गुठळ्या साचून राहतात आणि पुढे वर्षानुवर्षे पसरत जातात. या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई, म्हणतात. टाऊच्या गुठळ्या अल्झायमरमध्येही असतात. सीटीईची खूण म्हणजे त्या आधी खाचांच्या तळाशी, लहान रक्तवाहिन्यांना वेढून दिसतात. यंत्रशास्त्राने ज्या जागी ताण सर्वाधिक असेल असे सांगितले, तिथेच विकृतिशास्त्राला गुठळ्या सापडाव्यात, हा या विषयातला मला सर्वांत पटणारा दुवा वाटतो.

मार खाऊन खाऊन मुष्टियोद्धे भ्रमिष्ट होतात, हे न्यू जर्सीचे डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवले होते. तरीही फुटबॉलकडे त्या नजरेने पाहायला २००२ साल उजाडले. त्या वर्षी पिट्सबर्गमध्ये मूळचे नायजेरियाचे विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या माजी खेळाडूच्या शवविच्छेदनात मेंदू बाहेरून जवळजवळ निरोगी दिसत असतानाही तो जतन करून तपासला आणि त्यात टाऊच्या गुठळ्या दाखवल्या. २००५ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा लीगच्या वैद्यकीय समितीच्या सदस्यांनी तो मागे घेण्याची मागणी केली. डोक्याला मार लागल्याची लक्षणे दिसणाऱ्या खेळाडूने त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये, हा नियम लीगने डिसेंबर २००९ मध्ये कडक केला. सेआउ यांचा तो शेवटचा हंगाम होता.

निवृत्तीनंतरची त्यांची वर्षे सुखाची नव्हती. झोप न लागणे, विसरभोळेपणा, एकाएकी येणारा संताप आणि आप्तांपासून तुटत जाणे हे बदल कुटुंबाने पाहिले होते. २ मे २०१२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले. कुटुंबाने त्यांचा मेंदू अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे सोपवला. हा नमुना कोणाचा आहे हे ओळखता येणार नाही, अशा रीतीने ऊतीचे नमुने एकाहून अधिक स्वतंत्र तज्ज्ञांना तपासायला देण्यात आले. जानेवारी २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: सीटीई. त्याखेरीज मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात जुन्या इजेचा एक अगदी लहानसा व्रणही दिसला होता. एका व्यक्तीच्या आत्महत्येचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येत नाही, आणि संस्थेने तसा दावाही केला नाही.

लीगच्या दुखापतींच्या यादीत सेआउ यांच्या नावापुढे २० वर्षांत कन्कशनची एकही नोंद नव्हती. त्यांना कन्कशन कधी झालेच नाही, असा याचा अर्थ नाही. त्या काळी खेळाडू चक्कर लपवत आणि प्रशिक्षक ती पाहिली न पाहिल्यासारखे करत. पण समजा ही यादी अचूक होती, तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही, आणि हेच गेल्या काही वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे संशोधन सांगते. बोस्टन विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये २६६ दिवंगत फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार खेळलेल्या प्रत्येक वर्षागणिक सीटीई असण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढत होती, म्हणजे दर २.६ वर्षांनी ती दुप्पट होत होती. २०२३ मध्ये ६३१ मेंदूंच्या अभ्यासात हेल्मेटमधल्या मोजणीची जोड देऊन प्रत्येक खेळाडूच्या जागेनुसार आणि हंगामांनुसार डोक्याने सोसलेल्या एकूण बलाचा अंदाज काढण्यात आला. सीटीई कोणाला असेल, हे या एकूण बलावरून चांगले सांगता आले. निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येवरून ते सांगता आले नाही.

सेआउ यांच्या कारकिर्दीचा अर्थ इथे पार पालटतो. चिवटपणा, न थकणे, दुखापतीतून लवकर परतणे, निवृत्तीनंतर चार दिवसांत पुन्हा करार करणे, या साऱ्या गुणांनी त्यांची कारकीर्द लांबवली, आणि प्रत्येक वाढीव हंगामाने आघातांची एकूण मात्रा वाढवली. पाचव्या वर्षी गुडघा निकामी होऊन घरी बसलेला सुमार लाइनबॅकर या हिशेबात त्यांच्यापेक्षा सुदैवी ठरतो. व्यावसायिक २० वर्षांच्या आधीची शाळा-महाविद्यालयांतली वर्षेही याच खात्यात जमा होतात, हे सहसा विसरले जाते.

आकड्यांबाबत थोडी सावधगिरी हवी. २०१७ मध्ये बोस्टनच्या अ‍ॅन मॅकी आणि सहकाऱ्यांनी एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक खेळाडूला हा विकार होतो, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. तो चूक आहे. मेंदू दान करणारी कुटुंबे बहुधा तीच असतात, ज्यांनी आपल्या माणसात काही बिनसलेले पाहिलेले असते. सर्व खेळाडूंमधले खरे प्रमाण यावरून निघत नाही. वर्षे आणि विकार यांच्यातला चढता संबंध मात्र या निवडीने सहजासहजी पुसला जात नाही, कारण तो दान झालेल्या मेंदूंची आपापसांतच तुलना करून काढलेला आहे.

जिवंत माणसात सीटीईचे खात्रीलायक निदान अजून करता येत नाही. टाऊला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेल्या पेट स्कॅनमध्ये माजी खेळाडूंच्या गटात सरासरी फरक दिसतो, पण त्यावरून एखाद्या व्यक्तीबद्दल काही सांगता येत नाही. अडचणीचे एक कारण २०१९ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुढे आणले: सीटीईतल्या टाऊच्या तंतूंची घडी अल्झायमरमधल्या घडीपेक्षा वेगळी असून तिच्या पोकळीत प्रथिनेतर असा काही पदार्थ अडकलेला असतो. तो पदार्थ कोणता, हे त्या संशोधकांना ओळखता आले नाही. अल्झायमरसाठी घडवलेली द्रव्ये इथे तितक्या घट्टपणे बसत नाहीत, ती बहुधा यामुळेच.

निदान नाही आणि औषधही नाही, तेव्हा मात्रा कमी करणे एवढेच हाती उरते. २०११ च्या करारानुसार मुख्य हंगामात पूर्ण साहित्यासह होणाऱ्या, अंगाला अंग भिडवणाऱ्या सरावांवर १४ ची मर्यादा आली. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतला हा सर्वांत शहाणपणाचा बदल आहे, कारण सरावातल्या आघातांनी कोणालाच काही मिळत नव्हते. २०१८ पासून डोके खाली घालून हेल्मेटने धडक देण्यास दंड आहे. २०२२ मध्ये लाइनमन, लाइनबॅकर आणि टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) यांना ठरावीक सरावांत हेल्मेटवर मऊ आवरण घालणे सक्तीचे झाले. लहान मुलांचा खेळ चालवणाऱ्या पॉप वॉर्नर या संस्थेनेही २०१२ मध्ये धडकांचा वेळ एकूण सरावाच्या एक-तृतीयांशापुरता मर्यादित केला. मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी टॅकल खेळावे की केवळ कमरेची पट्टी ओढून घेण्याचा फ्लॅग फुटबॉल, हा निर्णय अमेरिकेत आजही बहुतेक ठिकाणी पालकांवरच सोडलेला आहे.