गेट (इंग्रजी क्रियापद) : स्पॅनिश भाषकांच्या वाट्याला आलेले अर्थ

इंग्रजीतील एक अतिशय वापरातले आणि अतिशय अनेकार्थी क्रियापद. मराठीत फाटकाला आपण ‘गेट’ म्हणतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही. तो शब्द वेगळा, हा वेगळा. मिळणे, मिळवणे, आणणे, विकत घेणे, पोहोचणे, होणे, समजणे, (आजार) जडणे, (बस) पकडणे अशी याच्या अर्थांची यादी लांबतच जाते. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला हे क्रियापद पहिल्याच वर्षी भेटते आणि पुढे कैक वर्षे छळते. स्पॅनिशमध्ये त्याच्या जागी किमान डझनभर क्रियापदे येतात आणि त्यांतले एकही बाकीच्यांची जागा भरून काढत नाही. (या नोंदीतील स्पॅनिश शब्दांचे उच्चार लॅटिन अमेरिकेतील प्रघातानुसार दिले आहेत.)

व्युत्पत्ती. हा शब्द लॅटिनकडून आलेला नाही. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतील ‘गेता’ हे त्याचे मूळ असून इंग्रजीत तो इसवी सन १२००च्या सुमारास रुळला. ‘फर्गेट’ (विसरणे) हे त्याचे भावंड मात्र इंग्रजीत त्याच्याही आधीपासून होते. आणखी मागे गेले तर ‘धरणे, पकडणे’ या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू लागतो. त्याच धातूवरून लॅटिनमधील ‘प्रेहेन्देरे’ आले आणि त्यातून स्पॅनिशमधील ‘आप्रेन्देर’ (शिकणे) व ‘कोम्प्रेन्देर’ (समजणे). म्हणजे ज्या शब्दापायी स्पॅनिश विद्यार्थी डोके धरून बसतो, तो त्याच्याच ‘शिकणे’चा लांबचा नातलग निघाला. ‘आय गेट इट’ म्हणजे ‘समजलं’, या अर्थाचेही त्यामुळे फारसे नवल वाटू नये. धरण्यातून समजणे निघते हे दोन्ही घराण्यांत सारखेच घडले.

अर्थ कसा ठरतो. शब्दकोश अर्थ क्रमांकाने देतात, पण ‘गेट’ शिकायची ती वाट नव्हे. या क्रियापदाच्या पोटात स्वतःचा अर्थ थोडाच असतो. बाकीचा त्याच्यामागून येणारा शब्द ठरवतो. मागून नाम आले तर मिळणे किंवा आणणे, स्थळ आले तर पोहोचणे, विशेषण आले तर होणे. ‘गेट अ लेटर’ म्हणजे पत्र मिळणे, स्पॅनिशमध्ये ‘रेसिबीर’. ‘गेट अ जॉब’ला ‘कोन्सेगीर’ लागते, कारण नोकरीसाठी खटपट करावी लागते आणि पत्र आपसूक येते. ‘गेट होम’ला ‘येगार’. इंग्रज वाक्य सुरू करताना हा निवाडा करत नाही. स्पॅनिश माणसाला मात्र तो क्रियापद उच्चारण्याआधीच करावा लागतो. खरी अडचण अर्थ फार असण्याची नाही, ती या उलट्या क्रमाची आहे.

‘होणे’ची चार दारे. अडचण सर्वांत जास्त जाणवते ती विशेषणापाशी. इंग्रजीत माणूस रागाने लाल होतो, श्रीमंत होतो, म्हातारा होतो, ओलाही होतो, आणि हे सगळे ‘गेट’नेच. मराठीतही सगळीकडे ‘होणे’ चालते, म्हणून आपल्याला यात खटकण्यासारखे काही दिसत नाही. स्पॅनिशला मात्र बदल कोणत्या जातीचा आहे ते आधी कळावे लागते.

तात्पुरता बदल असेल, म्हणजे चेहरा लाल होणे, घाबरे होणे, उदास होणे, तर ‘पोनेर्से’. स्वभावच पालटला, माणूस वेडा झाला, तर ‘बोल्बेर्से’. स्वतःच्या प्रयत्नाने किंवा हळूहळू झालेला बदल, जसे डॉक्टर होणे, श्रीमंत होणे, म्हातारे होणे, हा ‘आसेर्से’कडे जातो. आणि काही गमावल्यावर जी अवस्था मागे उरते ती ‘केदार्से’ची : आंधळा झाला, बहिरा झाला, विधुर झाला. ‘केदार्से’चा मूळ अर्थच ‘उरणे, मागे राहणे’ असा आहे, आणि विधुर होणे या क्रियापदाने सांगणाऱ्या भाषेबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. या दारांच्या सीमा काटेकोर नाहीत. उदास माणूस ‘पोनेर्से’नेही होतो, पण कोणीतरी निघून गेल्यावर तो उदास झाला असेल, तर ‘केदार्से’ही शोभते.

याखेरीज पुष्कळदा स्पॅनिशला वेगळे ‘होणे’ लागतच नाही, कारण विशेषणातूनच क्रियापद तयार होते. थकणे ‘कान्सार्से’, भिजणे ‘मोखार्से’, म्हातारे होणे ‘एन्बेखेसेर’. इंग्रजीत ‘गेट्स डार्क’ असे दोन शब्द जुळवावे लागतात, तिथे स्पॅनिशमध्ये ‘आनोचेसेर’ या एका शब्दात रात्र होते आणि ‘आमानेसेर’ म्हटले की उजाडते. आपले ‘उजाडणे’ही असेच एकटे उभे राहते.

केस कोणी कापले? इंग्रजीत ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हटले की केस न्हाव्याने कापले हे ‘गॉट’मुळे कळते. स्पॅनिशमध्ये न्हाव्याकडून आलेला माणूसही ‘मे कोर्ते एल पेलो’, म्हणजे शब्दशः ‘मी माझे केस कापले’, असेच सांगतो, आणि ऐकणारा न्हावी गृहीत धरतो. तेच वाक्य त्याने इंग्रजीत नेले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आरशापुढे हातात कात्री घेऊन उभा असलेला माणूस येतो. मराठीत ‘कापून घेतले’ अशी सोय आहे, तरी बोलताना आपणही ‘केस कापले’ म्हणून मोकळे होतो. ‘ही गॉट फायर्ड’चेही तसेच. स्पॅनिश म्हणते ‘लो देस्पिद्येरोन’, अगदी आपल्या ‘त्याला काढून टाकलं’सारखे, काढणारा कोण ते कोणी सांगत नाही.

चढणे-उतरणे. गतीच्या बाबतीत ‘गेट’ जवळजवळ रिकामे असते आणि दिशेचे सगळे ओझे मागच्या लहानशा शब्दावर पडते : ‘गेट इन’, ‘गेट आउट’, ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’. स्पॅनिशमध्ये दिशा क्रियापदातच मुरलेली असते : ‘एन्त्रार’ (आत जाणे), ‘सालीर’ (बाहेर पडणे), ‘सुबीर’ (चढणे), ‘बाखार’ (उतरणे). अमेरिकन भाषावैज्ञानिक लेनर्ड टॅल्मी यांनी भाषांची या निकषावर केलेली विभागणी प्रसिद्ध आहे, आणि तीत इंग्रजी व स्पॅनिश समोरासमोरच्या गटांत बसतात. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे हे शब्द पाहिले तर मराठी इथे स्पॅनिशच्या बाजूने उभी दिसते. स्पॅनिश माणूस मोटारीत आणि बसमध्ये एकाच ‘सुबीर’ने चढतो. इंग्रजीत मोटारीला ‘इन’ आणि बसला ‘ऑन’. हे पाठच करावे लागते.

देशोदेशीचे फरक. बस पकडण्याला स्पेनमध्ये सर्रास ‘कोखेर’ म्हणतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात तोच शब्द शरीरसंबंधासाठीचा असभ्य शब्द आहे. तिथे ‘तोमार’ म्हणावे. स्वतः बसचीही नावे बदलतात : मेक्सिकोत ‘काम्योन’, क्युबात ‘ग्वाग्वा’, ब्युनोस आयर्समध्ये ‘कोलेक्तीबो’. त्यामुळे ‘गेट’चा एकच स्पॅनिश तक्ता सगळ्या देशांना पुरत नाही. इंग्रजीची बाजूही स्थिर नाही. अमेरिकेत ‘गॉटन’ हे जुने रूप टिकले, ब्रिटनमध्ये ते मागे पडून ‘गॉट’ उरले.

टाळाटाळ. बरेच स्पॅनिश भाषक ‘गेट’ला वळसाच घालतात. ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’ हे लॅटिन वळणाचे शब्द त्यांना घरचे वाटतात, कारण ‘ओब्तेनेर’ आणि ‘रेसिबीर’ त्यांच्याकडे आहेतच. इंग्रजाच्या कानाला मात्र ते कचेरीतले वाटतात. दूध आणायला निघालेला माणूस ‘दूध प्राप्त करतो’ म्हणाला तर आपल्याला जसे वाटेल, तसेच काहीसे. व्याकरणात चूक नसल्यामुळे शिक्षकही लाल शाई वापरत नाहीत, आणि सवय पक्की होते.

उच्चार. अक्षरे तीन, पण तीही सरळ नाहीत. स्पॅनिश लेखनात ‘ए’पूर्वीचा ‘ग’ घशातल्या ‘ख’सारखा वाचला जातो, त्यामुळे नवखा विद्यार्थी ‘खेत’ वाचतो. शेवटचा ‘ट’ही अडतो, अस्सल स्पॅनिश शब्द सहसा त्या ध्वनीवर संपत नाहीत. शिवाय अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांमध्ये आलेला ‘ट’ जिभेच्या एका हलक्या टिचकीने उच्चारला जातो, आणि ती टिचकी म्हणजे जवळजवळ स्पॅनिशचा साधा ‘र’. ‘गेट इट’ स्पॅनिश कानाला ‘गेरित’ ऐकू येते. अमेरिकन विद्यार्थ्यांना स्पॅनिश ‘र’ शिकवताना हीच गोष्ट उलटी वापरतात : ‘पॉट ऑफ टी’ भरभर म्हणायला सांगतात, आणि तोंडातून ‘पारा ती’, म्हणजे ‘तुझ्यासाठी’, बाहेर पडते.