सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स

सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ भागात समुद्राला लागून असलेलं गोल्फचं मैदान. तिथं साधारण सहाशे वर्षं हा खेळ चालू आहे असं मानतात, त्यामुळे जगभरचे गोल्फवाले त्याला गोल्फचं घर म्हणतात. पण हे मैदान समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे हे कुठल्या क्लबचं खाजगी मैदान नाही, हे गावाचं गायरान आहे. आपल्याकडे कशी गावाची सामायिक जागा असते, गुरं चरतात, पोरं खेळतात, कुणी कपडे वाळत घालतं, अगदी तसंच. तिथले खड्डे, मैदानाच्या मधून जाणारा रस्ता, रविवारची सुट्टी, सोडतीत नाव लागलं तर मिळणारी खेळायची वेळ, हे सगळं त्या गायरानातूनच आलंय.

लिंक्स हा शब्द आता लोक कुठल्याही गोल्फ कोर्सला लावतात, ते बरोबर नाही. कोकणात पुळण संपते आणि वाडी सुरू होते त्याच्या मधे एक वाळूचा पट्टा असतो ना, स्कॉटलंडमध्ये तसा पट्टा म्हणजे लिंक्स. वाऱ्यानं वाळूच्या टेकड्या झाल्या, त्यांच्यावर फेस्क्यू आणि बेंट जातीचं बारीक चिवट गवत आलं, काटेरी पिवळ्या फुलांची गोर्सची झुडपं आली. नांगर घालून काही पिकणार नाही अशी जमीन, म्हणून ती मेंढ्यांना, सशांना आणि खेळणाऱ्यांना राहिली. वाळूत पाणी लगेच मुरतं त्यामुळे पाऊस झाला तरी चिखल नाही, जमीन टणक राहते. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून उतारात अंग घासत बसायच्या, तिथलं गवत जाऊन वाळू उघडी पडायची, बंकरांची, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांची, सुरुवात अशीच झाली असं सांगतात. मैदान कुणी एका माणसानं कागदावर आखलेलं नाही, ते हळूहळू घडत गेलं, आणि ते खेळताना पायाला कळतं, सपाट जागा शोधून सापडत नाही.

खेळायची पद्धत पण त्यामुळेच वेगळी. पुण्यात किंवा चेंबूरला जो कोर्स आपण बघतो तो झाडांच्या रांगांमधला, तिथं बॉल उंच मारायचा आणि ग्रीनवर, म्हणजे खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, थांबवायचा. इथं झाड जवळजवळ नाहीच आणि उंच मारलेला बॉल वारा कुठल्या कुठे नेतो. म्हणून बॉल जमिनीलगत ठेवायचा, ग्रीनच्या वीसतीस यार्ड अलीकडे टाकायचा आणि उतारावरून घरंगळत जाऊ द्यायचा. ग्रीनच्या बाहेरून सरळ पटर, म्हणजे बॉल जमिनीवरून ढकलायची काठी, वापरतात, त्यात कमीपणा काही नाही, उलट तेच शहाणपण. मैदानाचा आकार टोकाला आकडा असलेल्या मेंढपाळाच्या काठीसारखा, सरळ जायचं, टोकाला एडन नदीच्या मुखाशी वळसा घ्यायचा आणि त्याच वाटेनं परत यायचं. जाताना वारा तोंडावर असेल तर येताना पाठीशी असेल असा हिशोब माणूस मनात करतो, आणि वळशावर असताना वारा फिरला की परतीचे होल, म्हणजे एकेका खळीपर्यंतचे टप्पे, पण तोंडावर वारा घेऊनच खेळायचे.

इतिहासात बघितलं तर 1457 साली राजा दुसरा जेम्स याच्या काळात संसदेनं गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली होती, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून खेळत बसायचे. म्हणजे तेव्हाच हे वेड किती पसरलेलं असेल बघा. 1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेत सेंट अँड्रूजच्या लोकांचा लिंक्सवर खेळायचा हक्क लेखी नोंदवला गेला, ससे पाळायचा हक्क मात्र आर्चबिशपकडे. मला विचाराल तर या मैदानाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच, पुढच्या सगळ्या भांडणात गाव याच हक्काला धरून उभं राहिलं. 1754 साली 22 सरदार, जमीनदार, प्राध्यापक मंडळींनी खेळाडूंची संस्था काढली, 1834 साली राजा चौथा विल्यम यानं तिला रॉयल अँड एन्शंट हे नाव वापरायची परवानगी दिली. पहिल्या टीच्या, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागेच्या, मागं जी दगडी इमारत प्रत्येक फोटोत दिसते ती या क्लबची, आणि त्यामुळे बऱ्याच जणांना मैदानही त्यांचंच वाटतं. तसं नाहीये.

18 होलचा आकडा पण इथलाच. आधी एका फेरीत 22 होल व्हायचे, 11 जाताना आणि 11 येताना. 1764 साली सुरुवातीचे चार होल जोडून दोन केले, मग जाताना 9, येताना 9, आणि पुढे सगळ्या जगानं तेच उचललं.

अठराव्या शतकाच्या शेवटी नगरपालिका कर्जात बुडाली आणि लिंक्स हातची गेली, ती ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी मैदान पोखरून काढलं, गावकरी आणि गोल्फवाले एका बाजूला आणि ससेवाले दुसऱ्या बाजूला, कोर्टकचेरी वीसेक वर्षं चालली. 1821 साली शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटचे जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली आणि गोल्फ वाचला. पुढे 1894 च्या कायद्यानं लिंक्स परत गावाच्या मालकीची झाली, आणि 1974 पासून कारभार एका ट्रस्टकडे आहे.

मैदानाला आजचं रूप देण्यात दोन माणसं मोठी. ॲलन रॉबर्टसन, पिसं भरलेले चामडी बॉल बनवायचे, 1858 साली त्यांनी इथं 79 फटक्यांत फेरी पूर्ण केली (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं), 80 च्या आत येणारे ते पहिले समजले जातात. दुसरे त्यांचेच शिष्य ओल्ड टॉम मॉरिस. 1848 च्या सुमाराला गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, स्वस्त बॉल आला आणि त्यावरून गुरुशिष्यांचं बिनसलं, पण त्याच बॉलमुळे खेळणाऱ्यांची गर्दी वाढली, जाणारे आणि येणारे एकाच होलवर समोरासमोर यायला लागले. उपाय म्हणून ग्रीन रुंद करून एकेका ग्रीनवर दोन दोन होल केले, जातानाचा झेंडा पांढरा, येतानाचा लाल. आजही असे सात जोड ग्रीन आहेत, फक्त पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांचे ग्रीन स्वतंत्र. आणि जोडीतल्या दोन नंबरांची बेरीज नेहमी 18 येते, दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं.

पूर्वी मैदान उलट्या दिशेनं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे पण खेळायचे. ओल्ड टॉमनी 1870 च्या आसपास पहिल्या होलचं ग्रीन वेगळं केलं आणि मग हळूहळू आजची दिशा कायम झाली. हे माहीत नसेल तर बरेच बंकर नको तिथं खोदल्यासारखे वाटतात, टीवरून दिसतच नाहीत, चांगला मारलेला बॉल गायब होतो. उलट दिशेनं चालत या, मग ते बरोबर समोर येतात. म्हणून नवख्या माणसानं कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा वाटाड्या, घ्यावाच, तो लांबचा एखादा चर्चचा मनोरा दाखवतो आणि त्याच्यावर मार म्हणतो, विश्वास ठेवून मारायचं.

बंकर एकूण 112, बहुतेकांना नावं आहेत. चौदाव्यावरचा हेल नावाप्रमाणेच नरक, साधारण दहा फूट खोल, 1995 च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत, जॅक निक्लॉससारख्या अव्वल खेळाडूला त्यातून निघायला चार फटके लागले आणि त्या होलवर त्याचे 10 झाले. अकराव्यावर हिल आणि स्ट्रॅथ. 1921 साली तरुण बॉबी जोन्स तिसऱ्या फेरीत हिल बंकरमध्ये अडकला आणि वैतागून फेरीच सोडून दिली. त्या वागण्याची त्याला पुढं लाज वाटत राहिली. 1927 साली तो परत आला आणि ओपन जिंकला, 1958 साली गावानं त्याला मानद नागरिक केलं, त्याच्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. दहाव्या होलला आता जोन्सचं नाव आहे. आणि 2000 साली टायगर वुड्स चार दिवस, 72 होल खेळला आणि 112 पैकी एकाही बंकरमध्ये त्याचा बॉल गेला नाही, आठ फटक्यांनी जिंकला.

सतराव्याला रोड होल म्हणतात, पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या, होलमध्ये याच्याइतका अवघड क्वचित सापडेल. टीवरून बॉल हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून मारायचा, जिथं पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या, समोरचं काही दिसत नाही. ग्रीन अरुंद, पुढं रोड बंकर, मागं रस्ता आणि दगडी भिंत, आणि रस्ता मैदानाचाच भाग असल्यामुळे बॉल तिथं पडला तर तिथूनच मारायचा. 1978 साली जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता, त्याचा पट, म्हणजे पटरनं ढकललेला बॉल, घरंगळत बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके, एकूण 9. 2010 च्या ओपनसाठी हा होल 455 वरून 495 यार्ड केला.

अठराव्यावर आलं की स्विल्कन ओढ्यावरचा छोटा दगडी पूल लागतो, मूळ मेंढपाळांसाठी बांधलेला. 1995 साली अर्नॉल्ड पामर, 2005 साली निक्लॉस, 2015 साली टॉम वॉटसन यांनी इथूनच ओपनला निरोप दिला. 2023 च्या फेब्रुवारीत पुलाच्या टोकाला गोल फरशी घातली होती, लोकांच्या पायांनी तिथलं गवत झिजत होतं म्हणून, पण लोक इतके चिडले की काही दिवसांत ती काढावी लागली. पुढं पहिल्या आणि अठराव्याच्या सामायिक फेअरवेमधून, म्हणजे टी आणि ग्रीनच्या मधल्या कापलेल्या पट्ट्यातून, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा सार्वजनिक रस्ता जातो, लोक समुद्रावर जायला तो ओलांडतात, खेळणारे थांबतात. ग्रीनच्या पुढ्यात व्हॅली ऑफ सिन हा खळगा. 1995 साली कोस्तांतिनो रोकानं याच खळग्यातून लांबलचक पट घालून बरोबरी साधली, तो गुडघ्यावर कोसळून जमिनीवर हात आपटत होता, पण प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा खेळात, जॉन डेली जिंकला. आणि 1970 साली डग सँडर्सनं याच ग्रीनवर स्पर्धा जिंकून देणारा जेमतेम तीन फुटांचा पट चुकवला, दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये निक्लॉसकडून एका फटक्यानं हरला. ते बघताना अजून वाईट वाटतं.

ओपन इथं पहिल्यांदा 1873 साली झाली आणि 2022 पर्यंत 30 वेळा, तिसावी म्हणजे स्पर्धेची एकूण 150 वी, ती ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन स्मिथ जिंकला. आपला अनिर्बान लाहिरी 2015 साली इथं संयुक्त तिसावा आला होता.

सामान्य माणसाला खेळायला मिळतं का, तर हो, आणि हीच मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. दोन दिवस आधी नाव द्यायचं आणि सोडत निघते, म्हाडाच्या घरासारखी, नाव लागलं तर खेळा. एकटा माणूस असेल तर पूर्वी रात्रीपासून थंडीत रांग लावायचे, आता त्यांचीही सोडत असते. हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या खेळाच्या पातळीचा, दाखला लागतो, आणि बग्गी नाही, पायी चालायचं. गावातल्या लोकांना स्वस्तात वर्षाचं तिकीट मिळतं, आणि तो उपकार नाही, सनदेतला हक्क आहे.

रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद, मोठ्या स्पर्धा सोडल्या तर. त्या दिवशी म्हातारी माणसं, कुत्री, बाबागाड्या, सगळे त्या जगप्रसिद्ध फेअरवेवरून आरामात फिरतात, कुणी तिकीट विचारत नाही.

जवळच हिमालयाज नावाचं खूप उंचसखल पटिंग ग्रीन आहे. ते 1867 साली स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं. त्या काळात बाईनं गोल्फची काठी खांद्याच्या वर उचलणं शोभत नाही असं मानायचे, म्हणून त्यांना फक्त पटर. रॉयल अँड एन्शंटनं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते थेट 2014 साली. तोपर्यंत ओल्ड कोर्सवर 2007 आणि 2013 साली बायकांची ओपन होऊनही गेली होती, पहिली जिंकली मेक्सिकोच्या लोरेना ओचोआनं. हिमालयाजवर मात्र आजही कुणीही जावं, थोडे पैसे भरावे, पटर हातात घ्यावा आणि खेळावं.