‘उदयकाल’च्या मागे: मूकपटांतील तरुण शिवराय

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३० मध्ये काढलेला ‘उदयकाल’ हा शिवरायांच्या तरुणपणावरचा मूकपट आधी ‘स्वराज्याचे तोरण’ या नावाने पडद्यावर यायचा होता. तो अचानक सुचलेला विषय नव्हता, त्यामागे दहा वर्षांची मेहनत होती.

तिचा उगम बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आहे. पौराणिक ‘सैरंध्री’नंतर (१९२०) त्यांनी हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ (१९२३) काढला आणि त्यात कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये टिपण्याचे धाडस केले. व्ही. शांताराम यांनी ऐन विशीत त्यात म्हाताऱ्या शेलारमामाची भूमिका केली. पुढे प्रभातच्या संस्थापकांत असलेले दामले आणि फत्तेलाल हेही याच कार्यशाळेत घडले. पुढे ‘नेताजी पालकर’ (१९२७) आला आणि शांताराम यांचे दिग्दर्शक म्हणून पदार्पण झाले. मात्र ‘सिंहगड’ आणि ‘नेताजी पालकर’ या दोन्ही चित्रपटांची नावे महाराजांच्या साथीदारांच्या पराक्रमाशी बांधलेली होती.

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात स्थापन केली, आणि ‘उदयकाल’मध्ये खुद्द तरुण शिवाजी कथेचा नायक झाला. ही भूमिकाही शांताराम यांनीच केली. हा बदल माझ्या मते फार मोलाचा आहे. सिंहगडाची कथा उभ्या राहिलेल्या राज्यातील बलिदानाची आहे, तर तरुणपणाची कथा हाती काही नसताना मावळातील मूठभर सवंगडी घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाची आहे. तोरणा ताब्यात आला आणि पुढे राजगड उभा राहिला, हा आरंभ महाराष्ट्रात पोवाड्यांनी आणि १८९०च्या दशकापासून टिळकांनी रुजवलेल्या शिवोत्सवाने आधीच घरोघर पोहोचवला होता. संवाद ऐकू न येणाऱ्या, केवळ पाट्यांवर वाचता येणाऱ्या चित्रपटाला प्रेक्षकांची ही जुनी ओळख फार उपयोगी पडली.

त्यात १९३० हे मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. ‘स्वराज्य’ हा शब्द रस्त्यावर गाजत असताना तो थिएटरच्या दारावर झळकणे इंग्रज सरकारला मानवणारे नव्हते. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परीक्षण मंडळांना चित्रपट अडवण्याचा अधिकार दिलेला होता. त्यानुसार चित्रपटाचे नाव बदलावे लागले आणि झेंडा फडकवण्याच्या शेवटच्या प्रसंगालाही कात्री लागली. दहा वर्षांपूर्वी ‘सैरंध्री’त कीचकवधाचे दृश्य अंगावर येणारे म्हणून कापले गेले होते, ‘उदयकाल’मध्ये मात्र सरकारला भीती वाटली ती रक्तपाताची नव्हे, एका नावाची आणि एका झेंड्याची.