ड्रॅगन की वायव्हर्न? आधी पाय मोजा

अंगभर खवले, लांब शेपूट आणि वटवाघळासारखे पंख दिसले की आपण 'ड्रॅगन' म्हणून मोकळे होतो. पण जरा थांबून पाय मोजा. चार पाय आणि वर दोन पंख असतील तर तो ड्रॅगन. पाय दोनच असतील आणि पुढच्या पायांच्या जागी पंख असतील तर तो वायव्हर्न. ब्रिटनमधल्या कुलचिन्हांच्या परंपरेत हा भेद पक्का झाला. वेल्सच्या झेंड्यावरचा लाल प्राणी चार पायांचा, म्हणून तो ड्रॅगन. युरोपात इतरत्र दोघांनाही एकाच नावाने ओळखत. चित्रकाराला हा फरक किरकोळ वाटेल, पण प्राणिशास्त्रात तो माणूस आणि बेडूक यांच्यातल्या फरकाहून मोठा आहे.

कारण माणूस आणि बेडूक दोघेही 'चतुष्पाद' गटातले. सरडा, चिमणी, देवमासाही त्यातलेच. इथे पाद म्हणजे फक्त जमिनीला टेकणारा पाय नव्हे. खांद्याशी एक जोडी आणि कमरेशी एक, असा हा हिशेब आहे. चिमणीचे पंख हे तिचे हातच. सापाचे पाय गेले, देवमाशाचे मागचे गेले, पण तिसरी जोडी कुणालाच आली नाही. सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या अकॅन्थोस्टेगा या आरंभीच्या चतुष्पादाच्या पुढच्या पायाला ८ बोटं होती. म्हणजे बोटांचा आकडा अजून ठरायचा होता, पायांचा मात्र कधीच ठरून गेला होता.

या चौकटीत वायव्हर्न अगदी सहज बसतो. वटवाघळाचा पंख जवळून पाहा. खांदा, कोपर, मनगट सगळं जागच्या जागी. मनगटाशी आखूड अंगठा आणि त्याला नखी. उरलेली चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली, आणि त्यांच्यामध्ये ताणलेला कातडीचा पडदा. वायव्हर्नच्या चित्रांत पंखाच्या वाकणावर बऱ्याचदा एक नखी दिसते, ती या अंगठ्याचीच. टेरोसॉरांनी, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या उडत्या सरीसृपांनी, एकच बोट, चौथं, लांबवून पंख केला, आणि पक्ष्यांनी बोटं जुळवून त्यावर पिसं धरली. हाताचा पंख करण्याची ही युक्ती पृष्ठवंशी प्राण्यांत तीनदा स्वतंत्रपणे साधली, वायव्हर्न ही चौथी वेळ समजायची. वायव्हर्न पंख दुमडून त्यांच्यावर भार देत चालताना दाखवतात तेही मला पटतं, कारण टेरोसॉर जमिनीवर तसेच चालत. तोंडातून आग येते की नाही यावरून प्राण्याचं कूळ ठरत नाही, सांगाड्यावरून ठरतं. या सांगाड्याला खवल्यांची जोड असेल तर वायव्हर्नला सरीसृपांत एक वेगळा गण देऊन भागेल.

ड्रॅगनचं मात्र तसं भागत नाही. त्याला अवयवांच्या तीन जोड्या, म्हणजे छातीशी पायांचा एक खांदा आणि पंखांचा दुसरा. शिवाय दोन्हींना ओढणारे स्नायू वेगळे. हे एखाद्या अपघाती बदलाने होत नाही. बेडकांना कधीकधी जादा पाय फुटतात, पण त्यामागे बऱ्याचदा परजीवी चपट्या कृमींनी विस्कटलेली वाढ असते, आणि ते पाय पिल्लांकडे जात नाहीत. तेव्हा ड्रॅगनची फांदी चतुष्पाद जमिनीवर येण्याच्याही आधी, माशांतच फुटलेली असायला हवी. ४० कोटी वर्षांहून जुना 'क्लायमेटियस' नावाचा मासा होता. त्याच्या पोटाखाली, पोहण्याच्या परांच्या (ज्यांचे पुढे पाय झाले) दोन जोड्यांच्या मध्ये, काट्यांच्या आणखी काही जोड्या होत्या. ड्रॅगनचा पूर्वज कल्पायचाच असेल तर मी तो अशा माशांत शोधेन. मग हिशेब असा निघतो की वायव्हर्न हा ड्रॅगनपेक्षा तुमचा-आमचा जवळचा नातेवाईक! नरतुरंग (वर माणूस, खाली घोडा) आणि पंखवाला घोडाही याच कारणाने घोड्यांच्या कुळातून बाहेर पडतात.

सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या कार्ल लिनियसने १७३५ साली 'सिस्टेमा नॅचुरे' या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत अशा संशयित प्राण्यांसाठी 'पॅराडॉक्सा' हा वेगळा रकाना ठेवला होता. त्यात ड्रॅगनही आहे. त्याचं वर्णन असं: सापासारखं शरीर, दोन पाय, वटवाघळासारखे दोन पंख. दोन पाय! म्हणजे आपल्या मोजणीने तो वायव्हर्नच. हा एक तर पंखवाला सरडा असावा किंवा वाळवून बनवलेला पाकट मासा, असं मत लिनियसने तिथेच नोंदवलं.

पुढे १७५८च्या दहाव्या आवृत्तीत 'ड्रेको' हे नाव एका खऱ्या प्राण्याला मिळालं, उडत्या सरड्याला. त्याला चार पाय आहेत आणि वर पंखही आहेत, पण ते हातापायांचे नाहीत. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेली ती कातडी आहे. ड्रॅगनला चतुष्पादांत बसवायची हीच एक वाट मला दिसते. मात्र या पंखांनी पक्ष्यासारखी फडफड होत नाही, तरंगत जाता येतं, तेवढंच. तरंगताना हा सरडा आणखी एक गोष्ट करतो. झाडावरून झेप घेतली की तो पुढचे दोन्ही पाय मागे वळवून पंखांची पुढची कड पकडतो आणि तिच्या आधाराने वळतो. त्या वेळी खालून पाहिलं तर मोकळे पाय दोनच दिसतात.